वळिवड्याची छावणी आणि जबाबदारीची वाटणी

निर्वासितांचा भार कोणत्या राष्ट्राने किती उचलावा, या प्रश्नावर जगातील सरकारे वारंवार वाटाघाटीस बसतात आणि दर वेळी मोठा ठराव व लहान हिस्सा घेऊन उठतात. २०१८ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने निर्वासितांविषयीचा जागतिक करार संमत केला. जबाबदारीची न्याय्य वाटणी हा त्याचा गाभा होता. परंतु तो कोणावरही बंधनकारक नाही, आणि तरीही अमेरिका व हंगेरी यांनी त्याच्या विरुद्ध मत दिले. २०२४ मध्ये युरोपीय संघाने केलेल्या नव्या व्यवस्थेत सदस्यराष्ट्राला आपल्या वाट्याची माणसे घेण्याऐवजी माणशी वीस हजार युरो भरून मोकळे होण्याची सोय आहे. अमेरिकेने २०२५ मध्ये पुढील वर्षासाठी निर्वासित घेण्याची मर्यादा सव्वा लाखावरून साडेसात हजारांवर आणली. इकडे बांगलादेशातील कॉक्स बझारच्या छावण्यांत दहा लाखांवर रोहिंग्या दाटीवाटीने राहत असताना, २०२३ मध्ये पैशाअभावी त्यांचे माणशी मासिक धान्य बारा डॉलरवरून आठ डॉलरवर आणण्यात आले.

हे सारे वाचून पाथर्डी तालुक्यातील आमचा एखादा कार्यकर्ता विचारतो, आणि त्याने विचारावेच, की आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरच्या मागे घागरी धावतात, दसरा-दिवाळी उलटली की कोयता आणि चिल्लीपिल्ली घेऊन गावेच्या गावे कारखान्यांच्या वाटेला लागतात. अशा तालुक्यात रोहिंग्या, तमिळ आणि तिबेटी यांची कैफियत आम्ही कोणत्या तोंडाने मांडावी? प्रश्न प्रामाणिक आहे. ‘माणुसकी’ हा एक शब्द त्याच्या तोंडावर फेकून त्याला गप्प करणे आम्हांस मान्य नाही. त्याचे उत्तर जिनिव्हात शोधण्याचेही कारण नाही. पाथर्डीच्या ऊसतोडीच्या टोळ्या ज्या कोल्हापूर जिल्ह्यात कोप्या घालून हंगाम काढतात, तेथेच, मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत, वळिवडे नावाचे गाव आहे. जबाबदारीच्या वाटणीचा एक पुरा हिशेब त्या गावाच्या माळावर मांडला गेला होता आणि तो आजही तपासता येतो.

१९३९ च्या सप्टेंबरात हिटलर आणि स्टालिन या दोघांनी मिळून पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडील भाग रशियाच्या ताब्यात गेला आणि १९४० व १९४१ या दोन वर्षांत तेथील लाखो माणसे, शेतकरी, शिक्षक, वनरक्षक, सैनिकांच्या बायका आणि मुले, गुरांच्या डब्यांत कोंबून सैबेरियात व कझाकस्तानात नेण्यात आली. समाजवादाचे नाव घेणाऱ्या एका राज्याने हे केले, याची नोंद समाजवादी साप्ताहिकाने सर्वांत आधी करावयास हवी. पुढे हिटलर रशियावर उलटला, लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात जुलै १९४१ मध्ये करार झाला, आणि ज्यांनी कोणताच गुन्हा केला नव्हता त्यांना ‘माफी’ मिळाली. १९४२ मध्ये जनरल आंडर्स यांच्या सैन्याबरोबर सुमारे १ लाख १५ हजार पोलिश माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. त्यांत सदतीस हजारांच्या आसपास नागरिक होते, आणि त्यांपैकी बहुतेक स्त्रिया व मुले. उपासमारीने आणि टायफसने खंगलेली ही माणसे किनाऱ्यावर उतरल्यावरही मरत होती.

आणि मग तारांची देवघेव सुरू झाली. लंडनमधील पोलिश सरकार, ब्रिटनचे परराष्ट्र खाते, वसाहत खाते, इंडिया ऑफिस, दिल्लीचे व्हाइसरॉयचे सरकार, आफ्रिकेतील गव्हर्नर, वॉशिंग्टन. किती माणसे, किती काळ, आणि कोणाच्या खर्चाने, हे तीन प्रश्न या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. इराण स्वतःच परकीय फौजांच्या टाचेखाली होता आणि तेथे धान्याची टंचाई होती. तेथे ही माणसे फार काळ ठेवता येत नव्हती. ब्रिटनने आपल्या बेटावर त्यांना घेतले नाही. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतील वसाहती मात्र मोकळ्या करून दिल्या, आणि टांगानिका, युगांडा, केनिया, र्‍होडेशिया येथे मिळून अठरा-एकोणीस हजार माणसे वसविण्यात आली. न्यूझीलंडने १९४४ मध्ये ७३३ मुले घेतली. अमेरिकेची तऱ्हा तर नमुनेदार होती. तिने जहाज दिले, पैसा दिला. परंतु सुमारे चौदाशे पोलिश माणसे मुंबईहून निघून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उतरली तेव्हा त्यांना पहाऱ्यात ठेवून बंद आगगाडीने थेट मेक्सिकोत पोचविण्यात आले. खर्चाचा भार अमेरिकेचा, माणसांचा भार मेक्सिकोचा! युरोपने २०२४ मध्ये वीस हजार युरोंचा जो दर ठरविला, त्याचा हा आजोबा म्हणावयास हरकत नाही.

भारताच्या वाट्याला काही हजार माणसे आली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी आपल्या बालाचडी येथील जागेत अनाथ मुलांची छावणी उभारली, हे सर्वश्रुत आहे. मोठी छावणी मात्र कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत, वळिवड्यास, १९४३ मध्ये उभी राहिली आणि तेथे सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली. बराकी, शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाची रंगभूमी, बालवीरांची पथके, बाजार, असे एक संपूर्ण पोलिश गावच पंचगंगेच्या खोऱ्यात वसले. आसपासच्या गावांतील भाजीवाले, अंडीवाले, शिंपी, टांगेवाले यांचा त्या गावाशी रोजचा व्यवहार होता. या लोकांनी पोलिश पाहुण्यांना दगड मारल्याचा इतिहास नाही. त्यांच्या स्नेहाच्या आठवणी मात्र त्या छावणीत वाढलेली मुले म्हातारपणापर्यंत सांगत आली. खर्च लंडनस्थित पोलिश सरकारच्या नावे पडत असे, आणि ते सरकार इंग्लंडच्या कर्जावर जगत असे. वास्तव्य युद्धापुरते असावे, ही दिल्लीची अट होती.

आता या हिशेबाची दुसरी बाजू पाहा. हा वाटा भारताच्या वतीने कोणी मान्य केला? ज्या दिवसांत वळिवड्याच्या बराकींची आखणी होत होती, त्या दिवसांत भारताचे नेते पाथर्डीपासून पन्नासेक किलोमीटरवर, नगरच्या भुईकोट किल्ल्यात बंदिवान होते. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आपले आचार्य नरेंद्र देव, महाराष्ट्राचे शंकरराव देव. ऑगस्ट १९४२ पासून त्यांना तेथे डांबून ठेवलेले होते. नगरचेच सुपुत्र अच्युतराव पटवर्धन भूमिगत होते. शेजारच्या साताऱ्यात पत्री सरकार ब्रिटिश सत्तेशी झुंजत होते. भारताने निर्वासित घेतले असे आज आपण अभिमानाने म्हणतो. वस्तुतः भारताला कोणी विचारलेच नव्हते.

विचारले असते तर आपल्या नेत्यांनी नकार दिला असता, असे आम्हांस मुळीच वाटत नाही. मुद्दा तो नाही. त्याच १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे अन्नान्न करीत मेली, आणि त्यांच्यासाठी लंडनमध्ये जहाजे मिळत नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी जपानी फौजांपुढून ब्रह्मदेशातील लाखो भारतीय मजूर, हमाल, कारकून पायी आसामकडे पळाले. त्यांच्यासाठी वाटाही रंगाप्रमाणे वाटल्या गेल्याची कहाणी आहे: सोयीची वाट गोऱ्यांना आणि चिखलाची, उपासाची वाट काळ्यांना. म्हणजे निर्वासितांविषयीची कळकळ त्या साम्राज्याला नव्हती असे नाही. ती कोणासाठी फुटावी हे ठरलेले होते. यात पोलिश माता-मुलांचा कणभरही दोष नाही. तीही दुसऱ्याच्या टेबलावर वाटली गेलेलीच माणसे होती. परंतु बंगालमधील भुकेल्याचा घास वळिवड्याच्या पोलिश मुलाने खाल्ला, असे कोणी म्हणाले असते तर ते जितके खोटे ठरले असते, तितकेच पाथर्डीचे पाणी रोहिंग्याने पळविले हे आजचे कुजबुजणे खोटे आहे. दोन्ही ठिकाणी घास अडविणारा हात वेगळा आहे.

वाटाघाटींत माणसाची काय किंमत असते याचा प्रत्यय वळिवड्याला १९४५ मध्ये आला. जुलैत ब्रिटन व अमेरिका यांनी लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातील नव्या सरकारला दिली. एका रात्रीत छावणीतील पाच हजार माणसांचे सरकारच नाहीसे झाले. ज्याच्या नावे खर्च पडत होता ते खातेच बंद पडले. हिशेब प्रथम ब्रिटिश कोषागाराकडे, मग संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संघटनेकडे आणि १९४७ नंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेला. ‘घरी परत जा’ असे या माणसांना सांगण्यात येऊ लागले. परंतु त्यांपैकी बहुतेकांची घरे ज्या भागात होती तो भाग आता रशियाच्या हद्दीत गेला होता, आणि त्याच रशियाने त्यांना घरातून उचलून नेले होते. संयुक्त राष्ट्रांत १९४६ मध्ये याच प्रश्नावर एलिनॉर रूझवेल्ट आणि सोव्हिएत प्रतिनिधी विशिन्स्की यांची झटापट झाली. जो निर्वासित सबळ कारणाने परत जाण्यास नकार देतो त्याच्यावर सक्ती करता येणार नाही, हे तत्त्व तेथे मान्य झाले. आजच्या सर्व निर्वासित-कायद्याचे मूळ त्या वादात आहे. आणि तो वाद वळिवड्यातील एखाद्या विधवेसाठी केवळ तत्त्वचर्चा नव्हता, उद्या कोणत्या जहाजात बसावयाचे याचा तो निर्णय होता.

मार्च १९४७ मध्ये ब्रिटनने पोलिश सैनिकांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. ज्यांचे बाप, भाऊ, नवरे आंडर्सच्या सैन्यात लढले होते त्यांना इंग्लंडचे दार उघडले. काही पोलंडला परतले, काही आफ्रिकेतील छावण्यांत आणि तेथून ऑस्ट्रेलिया-कॅनडाकडे गेले. कायदा होताच दोन वर्षे रखडलेली वाटणी मार्गी लागली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. कोल्हापुरात थोड्या पोलिश कबरी मागे राहिल्या. आणि रिकाम्या बराकींत कोण आले? सिंधमधून सर्वस्व गमावून आलेले आपलेच निर्वासित. त्या वस्तीचे नाव गांधीनगर पडले. आज पश्चिम महाराष्ट्रातील किरकोळ कापड दुकानदार घाऊक मालासाठी तेथे जातात. निर्वासित म्हणजे कायमचा खाणारा हात, असे मानणाऱ्याने एकदा त्या पेठेतून चालत जावे.

स्वतंत्र भारताने टेबलाच्या दुसऱ्या बाजूस बसून काय केले, हेही स्वच्छ सांगितले पाहिजे. तिबेटी निर्वासितांच्या बाबतीत नेहरूंनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना साद घातली आणि म्हैसूरचे निजलिंगप्पा यांनी बैलकुप्पेची जमीन देऊ केली. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. केंद्र व राज्य यांनी मिळून, शाळा आणि शेती यांसह केलेली ती वाटणी होती, आणि ती टिकली. परंतु ऑक्टोबर १९६४ चा शास्त्री-सिरिमाव्हो करार पाहा. सिलोनच्या चहामळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या, कोणत्याच देशाचे नागरिकत्व नसलेल्या पावणेदहा लाख तमिळ मजुरांची त्या कराराने वाटणी केली: सव्वापाच लाख भारताचे, तीन लाख सिलोनचे, उरलेले दीड लाख पुढे पाहू. ते दीड लाख १९७४ मध्ये निम्मे-निम्मे वाटले गेले. दोन सभ्य सरकारांत झालेला हा सभ्य करार. त्यात तुला कोठे राहावयाचे आहे, हा प्रश्न मळेवाल्या मजुराला कोणी विचारला नाही. बाजारात खिल्लारे वाटून घेतानाही जोडी फोडू नये एवढे शेतकरी पाहतो.

१९७१ चा प्रसंग याहून मोठा. पूर्व पाकिस्तानातून जवळपास एक कोटी माणसे भारतात आली. त्रिपुराची लोकसंख्या साडेपंधरा लाख आणि तेथे आलेले निर्वासित सुमारे चौदा लाख! जयप्रकाशजी जगभर हिंडले, इंदिरा गांधी युरोप-अमेरिकेत गेल्या. सहानुभूती मिळाली, काही मदतही मिळाली, परंतु खर्चाचा मोठा वाटा भारतालाच सोसावा लागला. पत्राच्या पाकिटावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे, ते अनेक वाचकांना आठवत असेल. त्या वेळी भारत जगाला सांगत होता की हा एकट्या भारताचा प्रश्न नाही, सर्व राष्ट्रांनी तो वाटून घ्यावा. आम्ही ते म्हणणे शंभर टक्के योग्य मानतो. मात्र ज्याने १९७१ मध्ये हे म्हटले, त्याला आज बांगलादेश तेच म्हणत असताना कानांवर हात ठेवता येणार नाहीत.

देशांतर्गत वाटणीची कथाही फारशी अभिमानास्पद नाही. पूर्व बंगालच्या निर्वासितांपैकी अनेक कुटुंबांना बंगालमध्ये जागा नाही म्हणून दण्डकारण्यात पाठविले गेले. जुन्या चांदा जिल्ह्यातही, आजच्या गडचिरोलीतील चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांत, त्यांच्या वसाहती झाल्या. दिल्लीने नकाशावर ‘रिकामी’ दिसलेली भूमी दिली. ती आदिवासींच्या जंगलाची भूमी होती आणि आदिवासी त्या बैठकीस नव्हते. नदीकाठच्या भातशेतीत वाढलेला नामशूद्र शेतकरी खडकाळ रानात आणून टाकला, आणि त्याची तेथे येण्याची इच्छाही कोणी विचारात घेतली नाही. १९७८ मध्ये दण्डकारण्यातील हजारो कुटुंबे उठून सुंदरबनातील मरिचझापी बेटावर गेली. त्यांना १९७९ मध्ये नाकेबंदी करून, पोलीस घालून हुसकावले ते बंगालमधील डाव्या आघाडीच्या सरकारने. तेच डावे पक्ष विरोधात असताना या निर्वासितांच्या हक्कासाठी मोर्चे काढीत होते. डाव्या चळवळीतील माणसांनी हे पान फाडून टाकू नये.

या सर्व प्रसंगांत एक सूत्र आहे. टेबलावर जे बसतात ते आकडा ठरवितात, आणि जो टेबलावर नसतो त्याच्या अंगणात तो आकडा उतरतो. कधी तो मेक्सिको असतो, कधी टांगानिका, कधी त्रिपुरा, कधी गडचिरोलीचा माडिया. जगातील निर्वासितांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश आज निम्न व मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत, ते काही त्या देशांची श्रीमंती उतू चालली आहे म्हणून नव्हे. पळणारा माणूस पायी जेथवर पोचतो तेथे थांबतो, आणि श्रीमंत राष्ट्रे त्याला तेथेच थांबवून ठेवण्याचे पैसे देतात. १९५१ च्या निर्वासित-करारनाम्याच्या प्रस्तावनेत काही देशांवर अवाजवी भार पडू शकतो आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय सहकार्य हवे, असे म्हटले आहे. प्रस्तावनेत म्हटले आहे, आणि प्रस्तावनेतच राहिले आहे. वाटणीचे बंधन घालणारे एकही कलम त्यात नाही.

भारताने त्या करारनाम्यावर आजवर सही केलेली नाही. करारनामा युरोपकेंद्री आहे, त्यात भाराच्या वाटणीची हमी नाही, ही भारताची हरकत निराधार नाही. परंतु ती हरकत सत्तर वर्षे पुढे करून आपण स्वतःचा कायदाही केला नाही, याला काय म्हणावे? २०१५ मध्ये शशी थरूर यांनी लोकसभेत आश्रयाविषयीचे खाजगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही. २०२५ मध्ये परकीय नागरिकांविषयीचे जुने कायदे रद्द करून नवा कायदा आला, त्यातही ‘निर्वासित’ नावाचा माणूस नाही. वैध कागद असलेला परदेशी आणि नसलेला परदेशी, एवढेच दोन वर्ग. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने छळातून आलेल्यांना आश्रय देण्याचा आव आणला, पण धर्म पाहून आणि तीन देशांची नावे घेऊन. त्यात श्रीलंकेचा हिंदू तमिळही बसत नाही, तिबेटी बौद्धही नाही, आणि रोहिंग्याला तर मुद्दामच वगळले आहे. म्हणजे १९८३ पासून तमिळनाडूच्या छावण्यांत तिसरी पिढी वाढत आहे, आणि ती कोणाची, हे ठरविणारा कायदाच नाही.

रोहिंग्यांविषयी दोन शब्द. त्यांची भारतातील संख्या सुमारे चाळीस हजार असल्याचे केंद्र सरकारने २०१७ मध्ये सांगितले होते. दीडशे कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या देशात हा आकडा किती, हे पाथर्डीच्या शाळेतील मुलगा सांगेल. २०१८ मध्ये सात रोहिंग्यांना म्यानमारच्या हवाली करण्यात आले. मे २०२५ मध्ये काही रोहिंग्यांना अंदमानच्या समुद्रात नौदलाच्या नौकेतून उतरविल्याची तक्रार आली आणि संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकाने तिची चौकशी सुरू केली. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये, भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सात वळिवडे-कोल्हापूरच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहिले होते. ते योग्यच केले. पण ज्यांनी वळिवड्याचे पुण्य वॉर्सात मांडले, त्यांनी वळिवड्याचा नियमही मानावयास हवा. जेथून जीव वाचवून माणूस पळाला तेथे त्याला ढकलावयाचे नाही, हा तो नियम. राज्यघटनेचे २१ वे कलम ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणते. आणि १९९६ मध्ये चकमांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे.

आता पाथर्डीच्या कार्यकर्त्याकडे परत येऊ. वाटणी म्हणजे काय, हे त्याला आमच्यापेक्षा अधिक कळते. १९७२ च्या दुष्काळात त्याच्या आई-वडिलांनी खडी फोडली, तेव्हा सरकारी मर्जीवर चालणारे दुष्काळी काम आज सुरू तर उद्या बंद असे असावयाचे. चळवळ झाली, आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. त्याचा पैसा कोठून आला? मुंबई-पुण्याच्या पगारदारांवर, व्यावसायिकांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसला, त्यातून. शहराने खेड्याचा भार उचलला तो दया आली म्हणून नव्हे. कायद्याने वाटा ठरवून दिला म्हणून. मुंबईचा कारकूनही तेव्हा म्हणू शकला असता की माझी चाळ गळते, मी पाथर्डीच्या खडीचे पैसे का भरू? त्याला जे उत्तर आपण दिले असते, तेच आज स्वतःला द्यावयाचे आहे.

ऊसतोड मजूर निर्वासित नाही. या दोन दुःखांची सरमिसळ आम्ही करीत नाही. त्याला गाव आहे, मत आहे, परत येण्याची वाट आहे. परंतु सहा-सहा महिने कोपीत राहणाऱ्याच्या मुलाची शाळा कोणाची, आजारपण कोणाचे, बाळंतपण कोणाचे, या प्रश्नावर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम उचलीच्या वहीकडे, आणि सरकार महामंडळाकडे. ही टोलवाटोलवी ज्याने अंगावर घेतली आहे, त्याला कॉक्स बझारची टोलवाटोलवी समजावून सांगावी लागू नये. आणि जो त्याला सांगतो की तुझा शत्रू तो उघडा रोहिंग्या आहे, तो त्याच्या उचलीच्या वहीवरून नजर हटवू पाहत आहे, हेही त्याला कळते.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. भारताने निर्वासितांचा स्वतंत्र कायदा करावा: धर्म न पाहणारा, छळाकडे परत न ढकलण्याची हमी देणारा, ठराविक मुदतीत अर्जाचा निकाल लावणारा, काम आणि शाळा यांचा हक्क देणारा. त्याच कायद्यात केंद्राचा आणि राज्यांचा वाटा लिहिलेला असावा, म्हणजे सीमेवरचे राज्य एकटे पडणार नाही. आणि जेथे वसाहत व्हावयाची तेथील ग्रामसभेला व येणाऱ्या माणसांना, दोघांनाही, आधी विचारले जावे. असा कायदा हाती असेल तरच भारताला जागतिक वाटाघाटींत श्रीमंत राष्ट्रांना खडसावून विचारता येईल की तुमचा वाटा पैशांत किती आणि माणसांत किती. म्यानमारच्या प्रश्नावर बांगलादेश, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया यांना एका टेबलावर बोलाविण्याचा पुढाकार भारताने घ्यावा, आणि त्या टेबलावर रोहिंग्यांच्या प्रतिनिधींसाठी खुर्ची असावी.

टोळ्या हंगाम संपवून उन्हाळ्याच्या तोंडावर गावी परततात. तालुक्यातील शाखांनी त्या सुमारास गावोगाव सभा घ्याव्यात. ऊसतोड मजुरांची नोंदणी, मुलांच्या हंगामी वसतिगृहांची थकलेली कामे आणि टँकरचे वेळापत्रक हे विषय त्या सभांत असतीलच. त्यांच्याच बरोबर निर्वासित-कायद्याचा ठराव मांडावा, त्यावर विरोधी मत असणाऱ्यास पुरते बोलू द्यावे, आणि मंजूर झालेल्या ठरावाच्या प्रती आमदार-खासदारांकडे सह्यांनिशी पाठवाव्यात.